निपाणी ते मुंबई, व्हाया सांबरा

आमच्या घरात लांब आणि जवळ हे शब्द आण्णांच्या परवानगीशिवाय वापरायची सोय नव्हती. आण्णा म्हणजे माझे वडील. निपाणीच्या बसस्टँडवर ते कंट्रोलर होते. गाडी आली की वेळ लिहायची, सुटली की वेळ लिहायची, आणि मधल्या काळात कर्ण्यावरून ती कुठं जाणार ते आधी कन्नडात आणि मग मराठीत ओरडून सांगायचं, एवढं त्यांचं काम. पण ते काम त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं. शेजारची एखादी बाई सहज म्हणाली, "चिक्कोडी काय, हितंच की," तर आण्णा भाकरीवरून मान वर काढून म्हणायचे, "हितंच न्हाय. पन्नास मिनिटं." किलोमीटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्या हिशेबात कोल्हापूर एक तास होतं, बेळगाव दोन तास दहा मिनिटं आणि एक चहा. अनगोळला मावशीकडे जायचं तर बेळगावाहून पुढं अर्धा तास आणि सीटवरून एक भांडण, असं ते धरायचे. घरातही त्यांचा आवाज कर्ण्याचाच राहिला होता. न्हाणीघर रिकामं झालं की ओसरीवरून पुकारा व्हायचा, "आंघोळीला जाणाऱ्यांनी लवकर यावं, पाणी सुटायच्या तयारीत आहे." माझी आई म्हणायची की या माणसाशी लग्न केल्यापासून मी कधी घरात आलेच नाही, कायम फलाटावरच उभी आहे.

परवा मी फोनवर 'बेळगाव ते मुंबई' असं टाकून बघितलं. साठी उलटली की माणसं फोनवर काहीही विचारत बसतात, तसंच. लगेच उत्तर आलं. रस्त्यानं इतकं, आकाशातून इतकं, उड्डाणाचा वेळ सुमारे एक तास पाच मिनिटं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की वाऱ्यामुळे यात थोडा फरक पडू शकतो. मला एकटीलाच हसू आलं. आम्ही जे अंतर कापलं त्यात फरक पाडायला गावातलं झाडून सगळं पुढं सरसावलं होतं. वाऱ्याची पाळी काही आली नाही.

आमचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. सकाळी आठला वखारीचा भोंगा झाला की ती डोक्यावरचा पदर नाकातोंडाभोवती गुंडाळून निघायची आणि संध्याकाळी परतायची ती तंबाखूचा वास लेवूनच. ती उंबऱ्यात आली की आम्ही ओळीनं शिंकायचो. आलेला पाहुणाही आमच्याकडे आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. रात्रीचं जेवण नऊ चाळीसला, कारण तेव्हा आण्णांच्या दोन गाड्यांमध्ये पंचवीस मिनिटांची फट होती. भाकरी, पातळ आमटी, खर्डा आणि कांदा. आई भाकरी थापायला बसली की तिच्या बांगड्यांच्या आवाजावरून किती भाकऱ्या झाल्या ते आम्हाला आतल्या खोलीतही कळायचं. आण्णा उभ्या उभ्या चपलेत पाय घालून शेवटचा घास गिळायचे आणि सायकलवर टांग मारायचे.

त्यांच्या स्टँडवर एक रीत होती, ती आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच आहे. रीत म्हणजे गाडी धरून ठेवण्याची. कुणाची बाळंतीण यायची आहे, कुणा मास्तरांचं धान्याचं पोतं रिक्षातून उतरतंय, वखारमालकाचा नमुन्याचा डबा अजून दिवाणजींच्या हातातच आहे, अशा वेळी आण्णा गाडी पाचदहा मिनिटं धरून ठेवायचे. नुसती आपली नाही. समोर काळा फोन होता. त्यावरून ते पुढच्या स्टँडच्या कंट्रोलरला सांगायचे, "आमचा एक माणूस मागनं येतोय, तुमची गाडी धरा." मग तो धरायचा. उद्या त्याचा माणूस आला की आण्णा धरायचे. निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या सगळ्या स्टँडांत हे देणंघेणं बिनबोभाट चालायचं. छापील वेळापत्रक भिंतीवर असायचं, पण ते परगावच्या लोकांसाठी. आमच्या गल्लीत कुणी वेळेवर घराबाहेर पडल्याचं मला आठवत नाही. आण्णा आहेत, हीच सगळ्यांची वेळ होती.

त्या वर्षी माझ्यासाठी बोरगावचं स्थळ आलं. मुलगा सोसायटीत सेक्रेटरी, घरची माणसं चांगली, त्यांना नावं ठेवायला मला तेव्हाही जागा नव्हती आणि आजही नाही. पण आण्णांना तो मुलगा आवडला त्याचं कारण वेगळं होतं. "पस्तीस मिनिटं," ते आईला म्हणाले. "दिवसाला अकरा गाड्या. सकाळी सासरी भाकरी टाकून दुपारी हितं आमटी वरपायला येईल पोरगी." नवऱ्या मुलाची उंची किती, शिक्षण किती, हे आईनं विचारेपर्यंत त्यांनी सांगितलंच नव्हतं. या गोष्टीला आम्ही हसायचो, पण त्यामागचं दुखणं घरात सगळ्यांना माहीत होतं. आण्णांची थोरली बहीण लांब दिली होती, पार सोलापूरच्या पलीकडे. ती आजारी असल्याची तार आली तेव्हा आण्णा विशीतले. तीन गाड्या बदलून ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले, तर सगळं उरकून माणसं अंघोळी करून बसली होती. त्यानंतर दोन महिन्यांतच त्यांनी स्टँडवरच्या नोकरीचा अर्ज केला. याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मला आईनं सांगितलं.

मला मात्र नकाशे काढायचे होते. शाळेत भूगोलाच्या बाईंनी मला कर्नाटकाचा नकाशा फळ्यावर काढायला लावला होता आणि महाराष्ट्राचा मी आपल्या मनानं शेजारी काढून दाखवला होता. दोन्हीत निपाणी नेमकी रेषेला टेकलेली. मुंबईत एका सरकारी संस्थेत नकाशे काढण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. बारावी झाल्यावर मी तिथं अर्ज केला. अर्जावरचा पत्ता बापूकाकांनी घातला. हे आण्णांचे धाकटे भाऊ, प्राथमिक शाळेत मास्तर. मुंबई जवळ की बंगळूर जवळ, या प्रश्नावर चौकातल्या हॉटेलात रोज एक चहा गार करायचा, हा त्यांचा नेम. मुंबई जवळ हे त्यांनी घड्याळ लावून सिद्ध केलं होतं. निपाणी सरकारी दप्तरात कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात; तरी त्यांनी माझ्या अर्जावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मुक्काम निपाणी, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र.' आई म्हणाली, "भावजी, पत्र यायला पाहिजे हं." काका म्हणाले, "वहिनी, एवढी साधी गोष्ट पोस्टाला कळत न्हाय व्हय?"

मुलाखतीचं पत्र निघालं आणि पत्त्याबरहुकूम कोल्हापूर जिल्ह्यात निपाणी शोधत हिंडलं. कोल्हापूर ते निपाणी हे एका तासाचं अंतर त्यानं बारा दिवसांत कापलं. ते माझ्या हातात पडलं बुधवारी दुपारी. मुलाखत गुरुवारी दुपारी दोन वाजता, मुंबईत. न आल्यास नाव रद्द समजावं. आणि रविवारी बोरगावची माणसं सुपारी फोडायला येणार होती. आईनं आण्णांकडून एवढं कबूल करून घेतलं होतं की पोरगीला तिकडं घेतलं तर बोरगाव थांबवायचं, न घेतलं तर रविवार पक्का. पत्र वेळेत आलं असतं तर रात्रीच्या गाडीत बसून सकाळी मुंबई. पण सोमवारपासून सीमेवर दोन्हीकडची माणसं खवळली होती आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या आपापल्या हद्दीत तोंड फिरवून उभ्या होत्या. इकडची गाडी बेळगावपर्यंत मजेत जात होती, कोल्हापूरकडे मात्र एक चाक पुढं जात नव्हतं. बेळगावाहून मुंबईला जाणारी रेल्वे पत्र हातात पडलं तेव्हाच निघून गेली होती. मी पत्र घेऊन ओसरीवर बसले आणि रडले. बापूकाका खांबाला टेकून उभे होते. त्या दिवशी मुंबई किती जवळ आहे याबद्दल ते काही बोलले नाहीत.

आई वखारीतून आली, शिंकायचं भान कुणाला नव्हतं. तिनं पत्र वाचून घेतलं, तशीच माघारी वळली आणि वखारमालकाच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. तंबाखूचे व्यापारी तेव्हा मुंबईला विमानानं जायचे. आठवड्यातून तीन दिवस सकाळी एक लहान विमान बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून उडायचं, आणि त्या तिघांतला एक दिवस गुरुवार होता. आई मालकाला काय म्हणाली ते दिवाणजींनी पुढं साऱ्या गावाला सांगितलं. ती म्हणाली, "मालक, आमच्या घरच्या माणसानं तुमच्या डब्यापायी आजवर किती गाड्या धरून ठेवल्या. आता तुम्ही आमच्यापायी एक विमान बघा." मालकांनी तिथल्या तिथं बेळगावला फोन लावला. तिकिटाचं पुढं आईनं कसं निभावलं ती वेगळी कहाणी आहे, इथं नको.

आण्णांना हे सगळं स्टँडवर कळलं. मला वाटलं होतं, ते आदळआपट करतील. त्यांनी फक्त विचारलं, "विमान सुटतंय किती वाजता?" नऊ चाळीसला. सांबऱ्याला एक तास आधी हजर राहावं, असंही मालकांनी कागदावर लिहून दिलं होतं. ते वाचून आण्णा हसले. "ते परगावच्या लोकांसाठी लिहिलेलं असतंय." मग त्यांनी बोटांवर कोष्टक मांडलं. सहा तीसची गाडी, आठ चाळीसला बेळगाव, तिथून सिटी बस, सव्वानवाच्या आत सांबरा. आई म्हणाली, "पाच पंधराची गाडी हाय की हो." आण्णा म्हणाले, "पाच पंधरा लई बेभरवशाची. सहा तीस कशी, लोण्यासारखी." आई त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग दशम्यांचं पीठ भिजवायला उठली. गाड्यांबाबत आमच्या घरात आण्णांच्या वर अपील नव्हतं.

निपाणीहून मुंबई उत्तरेला. आम्ही सकाळी सहा तीसला दक्षिणेकडे तोंड करून निघालो, कारण लवकर पोचायचं असेल तर आधी पंच्याहत्तर किलोमीटर उलटं जावं लागतं, असं विमानविद्येनं ठरवलं होतं. आण्णा आणि मी दोघंच. माझ्या मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात गुणपत्रिका, काढलेले नकाशे, दशम्या आणि शेंगांची चटणी. तासाभरानं एक मधला स्टँड आला. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या माणसांची मुलं अजून याच खात्यात नोकरीला आहेत. गाडी फलाटाला लागली, माणसं उतरली, माणसं चढली, आणि ड्रायव्हर खाली उतरून गेला तो आलाच नाही. पाच मिनिटं झाली. दहा झाली. कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, "कंट्रोलरनी धरायला सांगितलंय. कुणीतरी यायचंय म्हणं."

त्या वेळी मला जे वाटलं ते लिहायला आज जरा लाज वाटते. मला आण्णांचा राग आला, आणि त्यांची गंमतही वाटली. आयुष्यभर यांनी दुसऱ्यांच्या माणसांसाठी गाड्या धरल्या, माझ्या वर्गातल्या मुली शाळेला उशिरा पोचल्या, कुणाचे मुहूर्त टळले असतील, कुणाची दवाखान्यातली पाळी गेली असेल, आणि आज त्यांचीच रीत त्यांच्या लेकीच्या बोकांडी बसली. ओरडायचं तरी कुठल्या तोंडानं? मी त्यांच्याकडे बघितलं. ते घड्याळाकडे बघत होते. पंधरा मिनिटं झाली. समोरच्या हॉटेलात तेलात मिरच्या पडल्याचा आवाज येत होता, मागच्या सीटवर एक म्हातारा कन्नडात शिव्या देत होता, आणि मी काहीच बोलले नाही. बोलायला गेले असते तर रडू फुटलं असतं, आणि रडणारी मुलगी म्हणून मला मुंबईला जायचं नव्हतं.

अठराव्या मिनिटाला आण्णा ताडकन उठले आणि कंट्रोलरच्या केबिनमध्ये गेले. तिथले कंट्रोलर मल्लाप्पा, आण्णांचे फोनवरचे दोस्त. काचेतून दोघांचे हातवारे दिसले. मिनिटभरात ड्रायव्हर पळत आला आणि गाडी हलली. आण्णा घामानं भिजून शेजारी बसले. जरा वेळानं सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मल्लाप्पाला सांगितलंय. बेळगावला फोन करून, तिथनं सांबऱ्याला कळवून विमान धरून ठेवाय लावतोय."

"आण्णा, विमान कसं धरतील?" मी म्हटलं.

"का? त्याला कंट्रोलर नसतोय व्हय?"

मागचा म्हातारा शिव्या द्यायचा थांबला आणि आदरानं आण्णांकडे बघायला लागला. बेळगावला पोचेपर्यंत गाडीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक झालं होतं की या मुलीसाठी विमान उभं आहे. सिटी बस निघून गेली होती. आण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन रिक्षा केली. आम्ही सांबऱ्याला उतरलो तेव्हा नऊ पंचवीस झाले होते. मैदानात एकही विमान नव्हतं. विमान सुटलं, असंच मला वाटलं. लाकडी टेबलामागं बसलेल्या माणसानं मात्र शांतपणे सांगितलं की मुंबईकडे ढग फार आहेत, विमान अजून तिकडूनच निघालेलं नाही, इथून सुटायला अकरा वाजून दहा मिनिटं तरी होतील.

आण्णा माझ्याकडे वळले. "बघ. धरलं."

"आण्णा, ते आलेलंच न्हाय अजून."

"मुंबईतच धरलं असंल. तसंच करत्यात. वाटंत धरण्यापरीस सुटायच्या आधी धरल्यालं बरं असतंय." रिक्षावाला अजून तिथंच रेंगाळत होता. त्याला त्यांनी खुलासा केला, "निरोप पोचला."

मग पावणेदोन तास आम्ही बाकावर बसून राहिलो. माझ्या आयुष्यात मी आण्णांच्या शेजारी इतका वेळ सलग बसल्याचं दुसरं उदाहरण नाही, कारण एरवी दर वीस मिनिटांनी त्यांची कुठलीतरी गाडी यायची. आम्ही दशम्या खाल्ल्या. चटणीच्या लसणाचा वास पसरला तसा शेजारचा सूटवाला हळूच पलीकडे सरकला. आण्णांनी टेबलाजवळच्या माणसाला विमानाची चौकशी केली. किती सीटा, किती वेळ, मध्ये थांबा कुठं. एक तास दहा मिनिटं, थांबा नाही, हे ऐकून त्यांनी बोटं मोजली. बोरगावच्या दुप्पट, असा हिशेब त्यांच्या डोक्यात झालेला मला स्पष्ट दिसला. मग म्हणाले, "तिकडनं परत यायला शेवटची गाडी किती वाजता?" मी सांगितलं की रोज नाही, आठवड्यातून तीनच दिवस आहे. त्यांनी मान हलवली. हातातलं शेंगांचं कूट झटकलं आणि समोर मैदानाकडे बघत म्हणाले, "बोरगावास्नी मी न्हाय म्हणून सांगतो. तुला घेतलं न घेतलं, तरी सांगतो. तू त्याचा घोर लावून घेऊ नको."

मला तेव्हा त्यांना मिठी मारावीशी वाटली होती. पण वडिलांना मिठी मारायची आमच्याकडे पद्धत नव्हती, म्हणून मी चटणीची पुरचुंडी नीट बांधत बसले. विमान आलं ते एवढंसं होतं. आण्णा तारेच्या कुंपणाशी उभे राहिले आणि मी पायऱ्या चढत असताना, भर उन्हात, कर्ण्याच्या आवाजात ओरडले, "नीट बस! खिडकीची सीट घे! दहा मिनिटांनी खाली निपाणी येती, बघ!" सूटवाल्यानं खाली मान घातली. दहा मिनिटांनी मी खरंच बघितलं. अडीच तासांत जेवढं उलटं आलो होतो तेवढं विमानानं विमानात वाटलेली गोळी माझ्या तोंडात विरघळायच्या आत पुसून टाकलं. खाली नुसते ढग होते. मी तरीही त्या ढगांना हात केला.

मुलाखतीला दहा मिनिटं असताना पोचले. भिंतीवर मोठा नकाशा होता. तिघांतल्या एका साहेबांनी विचारलं, "निपाणी ते मुंबई अंतर किती?" मी म्हणाले, "कशानं जायचं त्यावर आहे. पत्रानं बारा दिवस लागतात." ते तिघं इतके हसले की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. मला प्रवेश मिळाला. त्यानंतर सदतीस वर्षं मी नकाशे काढले, धरणांचे, रस्त्यांचे, गावांच्या हद्दींचे. रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे एक मिलिमीटर सरकलं की किती माणसांचे पत्ते बदलतात, हे मला संस्थेत शिकवावं लागलं नाही.

इकडे निपाणीत आण्णांनी विमान थांबवल्याची गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती. सुरुवातीला विमान दहा मिनिटं थांबलं होतं, मग तासभर, आणि आण्णा निवृत्त झाले तोवर वैमानिक खाली उतरून माझी पिशवी घेऊन गेला होता. निवृत्तीच्या समारंभात बापूकाकांनी माईकवरून सांगितलं, की दोन राज्यं जिथं एक बस सोडायला तयार नव्हती तिथं आमच्या दादानं विमान धरलं. आण्णा हार घालून बसले होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. नम्रपणानं एवढंच म्हणाले, "ओळखी असाव्या लागत्यात." मी पुढं बसून टाळ्या वाजवल्या. ढगांचं खरं कारण मला माहीत होतं, पण म्हाताऱ्या माणसाचं तेवढं एक विमान काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं.

आण्णा गेले तेव्हा मी मुंबईतच होते. त्या दिवशी विमान नव्हतं. एक तास दहा मिनिटांच्या त्या अंतराला मला तेरा तास लागले. गल्लीच्या तोंडाशी बापूकाका उभे होते. "ये, धरून ठेवलंय तुझ्यासाठी," ते म्हणाले, आणि मग मात्र मी मोकळी होऊन रडले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मल्लाप्पाकाका आले. थकले होते, काठी टेकत होते. जेवणं झाल्यावर त्यांनी मला ओसरीच्या कोपऱ्यात बोलावलं. "शालाक्का, एक सांगायचं हाय," ते म्हणाले. "तो असताना सांगायचं न्हवतं, म्हणून ऱ्हायलं. त्या दिवशी गाडी मी धरली हुती की न्हाय, ती तुझ्या आण्णानंच धराय सांगितल्याली."

मला आधी कळलंच नाही.

"आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आलता. म्हणाला, मल्लाप्पा, उद्या सहा तीसच्या गाडीत मी आन् पोरगी हाय. अर्धा तास धर. कारण इचारू नको. तेनं समदं बरोबर मोजलं हुतं बघ. अर्धा तास धरली तर नऊ चाळीसच्या आत सांबरा हुईत न्हाय."

आठवतंय ते सांगते. मला भयंकर राग आला. मेलेल्या माणसावर येतो तसला, ज्याला जायला कुठं वाट नसते. पाच पंधराची गाडी, लोण्यासारखी सहा तीस, घड्याळाकडे लागलेले त्यांचे डोळे, सगळं एकदम समोर आलं. आपल्याच मुलीला अडवायला त्यांनी बोलून दाखवायची हिंमतही केली नव्हती, गाडी पुढं केली होती. एवढी वर्षं मी ज्या रीतीला हसत होते ती त्या सकाळी आण्णांवर उलटली नव्हती. ते ती हातात धरून बसले होते.

"मग सोडली कशी?" मी विचारलं. "अठरा मिनिटांतच सुटली होती."

"तोच आला की केबिनात. म्हणाला, सोड गाडी. मी म्हटलं, अजून बारा मिनिटं ऱ्हायल्यात. तर म्हणाला, पोरगी काय बोलंनाच झालीया रे. भांडली असती, रडली असती तर मी बसून ऱ्हायलो असतो. ती नुसती ड्रायव्हरच्या मोकळ्या सीटकडं बघतीया. सोड. आन् मग म्हणाला, आता बेळगावला फोन कर, विमान धराय लाव." मल्लाप्पाकाकांनी काठीवर हनुवटी टेकली. "केला हुता मी फोन. बेळगावचा कंट्रोलर लई हसला मला."

ते गेल्यावर मी तिथंच बसले. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. सवयीनं मी मनात कोष्टक मांडलं. विमान सुटलं अकरा दहाला. आण्णांनी गाडी पुरता अर्धा तास धरली असती, अगदी तासभर धरली असती, तरी मी त्याच सीटवर बसून त्याच ढगांवरून गेले असते. त्यांच्या धरण्यानं माझं काही अडलं नसतं आणि सोडण्यानं काही साधलं नाही. कागदावर दोन्हींची किंमत शून्य. पण त्या केबिनमध्ये "सोड गाडी" म्हणताना विमान उशिरा आहे हे आण्णांना माहीत नव्हतं.